पुस्तिका छापली, बिल अडकले

प्रश्न : मेहरूण (जळगाव) येथील एक वाचक भगिनी घरूनच यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहून देतात. परगावच्या एका पंप कंपनीला त्यांनी मराठी मॅन्युअल करून दिले. पाच महिने झाले तरी ६०,००० रुपयांचे बिल पडून आहे. त्यातच कंपनीने तोच मजकूर हिंदीत करून दुसऱ्या मॉडेललाही जोडला. करार नाही, फक्त ईमेल आहेत. उद्यम नोंदणीही केलेली नाही. पैसे कसे वसूल करावेत आणि मजकूर नेमका कोणाचा, असे त्या विचारतात.

उत्तर : ठिबक संच आणि पीव्हीसी पाइपच्या कारखान्यांमुळे जळगावात अशा लेखनाला वाव आहे. व्यवहार मात्र बहुतेक फोनवर ठरतो, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

आधी पैशांचे पाहू. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही लागू होतो. त्यानुसार लेखी मुदत ठरली असेल तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. काहीच ठरले नसेल तर मुदत १५ दिवसांची. मजकूर मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर काम स्वीकारले असेच कायदा धरतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज लागते. तक्रार याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे करायची. तिच्या निवाड्याला कंपनीला न्यायालयात आव्हान द्यायचे तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. एवढे दडपण वकिलाच्या नोटिशीनेही क्वचितच येते!

या भगिनींची अडचण नोंदणीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात नोंदणीआधीच्या पुरवठ्याला या कायद्याचे संरक्षण नाकारले. २०२५ मध्ये हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला असला, तरी जुन्या बिलासाठी त्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही. त्यांनी ईमेल, पाठवलेली फाइल आणि छापील पुस्तिका पुरावा म्हणून जपून वकिलामार्फत नोटीस द्यावी. तरीही पैसे आले नाहीत, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

मजकुराच्या बाबतीत मात्र त्यांची बाजू भक्कम आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार पगारी नोकराने लिहिलेले मालकाचे, पण स्वतंत्र लेखकाने लिहिलेले लेखकाचेच. पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राला वेगळा नियम आहे. लेखनाला तो लागत नाही. हक्क सही केलेल्या लेखी कागदानेच हस्तांतरित होतात, आणि त्या कागदात मुदत नसेल तर ती पाच वर्षेच धरली जाते. मूळ पंपासाठी पुस्तिका वापरण्याची मुभा कंपनीला व्यवहारातूनच मिळाली, असे म्हणता येईल. हिंदी भाषांतराची मिळाली, असे म्हणणे कठीण. नोटिशीत त्याचा वेगळा मोबदला जरूर मागावा.

कराचे थोडक्यात : एका कंपनीकडून वर्षाला ५०,००० रुपयांवर व्यावसायिक शुल्क मिळाले की साधारणपणे १० टक्के टीडीएस कापला जातो. ती रक्कम बुडत नाही. विवरणपत्र भरताना करात वळती होते किंवा परत मिळते. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावूही नये.

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर विनामूल्य होते. एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. पुढचे काम स्वीकारण्याआधी ती करून घ्यावी, आणि मोबदला, मुदत व भाषांतराचा हक्क या तीन गोष्टी ईमेलवर कंपनीकडून कबूल करून घ्याव्यात.