दोन देशांच्या कागदांनी शिकवलेलं

जर्मनीत स्थायिक झाल्यापासून ओळखीच्या मराठी कुटुंबांना पासपोर्टचे, नागरिकत्वाचे, ओसीआयचे (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाचे) अर्ज भरायला मी मदत करतो. माझे स्वतःचे कागदही याच वाटेने गेले. त्यातून जे उमगलं, ते परदेशी निघालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहितो आहे.

१. देश सोडण्याआधी नाव एकसारखं करा.
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. लग्नानंतर बाईचं मधलं नाव, आडनाव आणि कित्येकदा पहिलं नावही बदलतं. गावात कुणीही सांगेल की ही तीच. परक्या कचेरीत मात्र त्या दोन वेगळ्या बायका ठरतात. नाव बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्या. प्रत्येक ठिकाणी नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही.

२. सगळ्याच्या मुळाशी जन्मदाखला असतो.
आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखला हा एकच कागद कायद्याने पुरेसा केला. सरकारने स्वतः नोंदवलेली गोष्ट सरकारनेच पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावू नये, म्हणून ही सुधारणा मला मोलाची वाटते. आमच्या पिढीच्या दाखल्यांवर मात्र अनेकदा बाळाचं नावच नसतं. शक्य असेल तर आईवडील हयात आहेत तोवर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ते चढवून घ्या.

३. परदेशी नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नका.
१९५५ च्या नागरिकत्व कायद्यातल्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. पासपोर्टची मुदत उरली असली तरी तो जमा करून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ओसीआयच्या अर्जाला ते लागतं, म्हणून आजीआजोबांना भेटायची तिकिटं त्यानंतरच काढा.

४. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे.
आजन्म व्हिसा मिळतो, ही सोय मोठी आहे. पण मतदान नाही, सरकारी नोकरी सहसा नाही. शेतजमीन वारशाने येऊ शकते, विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, गिर्यारोहण यांसाठी वेगळी परवानगी लागते. नावात ‘सिटिझन’ आहे म्हणून नागरिकाचे हक्क गृहीत धरू नका.

५. एका देशाने दार उघडून भागत नाही.
२७ जून २०२४ पासून जर्मनीने मूळ नागरिकत्व सोडण्याची अट काढून टाकली. इथल्या तुर्की शेजाऱ्याला आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात, कारण तुर्कस्तानचा कायदाही ते मान्य करतो. आम्हाला नाही. भारतीय पासपोर्ट ठेवला, तर ज्या देशात कर भरतो, मुलं शिकवतो, तिथल्या संसदेसाठी मत नाही. तो सोडला, तर जिथे आईवडील आहेत तिथलं मत जातं. माणसाची दोन्हीकडची जबाबदारी खरी असताना एकीकडचा हक्क सोडायला लावणं मला अन्यायाचं वाटतं.

६. मागणी जुनी आहे आणि रास्त आहे.
परदेशस्थ भारतीयांविषयी नेमलेल्या लक्ष्मीमल सिंघवी यांच्या समितीने दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली, त्याला दोन दशकं उलटली. त्यानंतर आलं ते ओसीआय. सुरक्षेची काळजी मला समजते. तिच्यासाठी घटनात्मक पदं, सैन्य, गुप्तवार्ता या जागा एकाच नागरिकत्वाच्या माणसांसाठी राखता येतील. बाकीच्यांना नागरिक राहू द्यावं.

७. हा प्रश्न मायदेशातल्या मतदारांनी लावून धरायला हवा.
कायदा बदलणार संसद, आणि पासपोर्ट सोडलेल्यांना तिथे मत नाही. पासपोर्ट ठेवणाऱ्यालाही मतदानासाठी स्वतः मतदारसंघात यावं लागतं. म्हणून ज्यांची मुलं-नातवंडं बाहेर आहेत, त्या आईवडिलांनी मत मागायला आलेल्या उमेदवाराला दारातच विचारावं: आमच्या मुलांचं नागरिकत्व टिकवायला तुम्ही काय करणार? उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक निवडणुकीत विचारावं.