मंगळावरचा शहामृग आणि बेरजेची भाषा



अडचणीकडे डोळेझाक करणाऱ्याला आपण म्हणतो, ‘शहामृगासारखा वाळूत डोके खुपसून बसला आहे.’ या वाक्प्रचाराने एका पक्ष्यावर अन्याय केला आहे. शहामृग वाळूत डोके खुपसत नाही. त्याचे घरटे म्हणजे जमिनीतला उथळ खड्डा. अंडी चोचीने फिरवताना त्याची मान खाली जाते. धोका दिसला की अंड्यांवर बसलेला शहामृग मान जमिनीला टेकवतो. दुरून पाहणाऱ्याला डोके दिसत नाही आणि तो पक्ष्याला मूर्ख ठरवून मोकळा होतो. वास्तविक ताशी ७० किलोमीटरपर्यंत धावणारा हा पक्षी आफ्रिकेच्या उघड्या माळरानावर सिंहाच्या शेजारी जगतो. फार प्राचीन काळी तो भारतातही होता. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथील उत्खननात त्याच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत.

अशा बदनाम पक्ष्याचे रूप एका विज्ञानकथालेखकाने आपल्या सर्वात शहाण्या पात्राला दिले. लेखकाचे नाव स्टॅन्ले वाइनबॉम. हे अमेरिकेचे. महाविद्यालयात त्यांनी रसायन अभियांत्रिकीचा अभ्यास केला होता. जुलै १९३४ मध्ये ‘वंडर स्टोरीज’ या मासिकात त्यांची ‘अ मार्शियन ओडिसी’ ही कथा प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी, अवघ्या ३३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

कथेत जार्विस नावाचा रसायनशास्त्रज्ञ मंगळावर आपल्या मुख्य यानापासून शेकडो मैल दूर अडकतो. पायी परतताना त्याला एक प्राणी संकटात सापडलेला दिसतो. लांब चोच, पिसांसारखे अंग, दिसायला शहामृगासारखा. जार्विस पुढे निघून गेला असता. पण प्राण्याच्या गळ्यात एक लहानशी काळी पिशवी अडकवलेली त्याला दिसते. पिशवी बाळगणारा विचार करणाराच असणार, असे समजून तो त्याला सोडवतो. हाच ट्वील. ट्वील लांब उड्या मारतो आणि चोच जमिनीत रोवून उतरतो. पाहणाऱ्याला हसू यावे असाच हा प्रकार!

आता दोघांनी बोलावे कसे? जार्विसला ट्वीलची भाषा मुळीच येत नाही. ट्वीलच्या बोलण्यात एकाच वस्तूला दर वेळी वेगळा शब्द येतो, असे त्याला वाटते. मग जार्विस वाळूवर सूर्य आणि ग्रहांची वर्तुळे काढतो. ट्वील पृथ्वीजवळ चंद्राची खूण करतो. जार्विस एक अधिक एक दोन, दोन अधिक दोन चार असे मांडून दाखवतो. बेरीज दोघांनाही कळते.

यापुढची गंमत अशी की ट्वील त्या बेरजांचाच शब्दांसारखा वापर करतो. वाटेत वाळूच्या विटांचे पिरॅमिड रचणारा एक प्राणी भेटतो. याला बेरीज येत नाही, म्हणजे बुद्धी नाही, असे ट्वील सुचवतो. पुढे भेटणाऱ्या प्राण्यांना सोपी बेरीज येते, त्यापुढची येत नाही, म्हणजे त्यांची समज मर्यादित आहे. इंग्रजीचे जेमतेम सहा-सात शब्द आणि दोन बेरजा! जार्विसला मात्र ट्वीलच्या भाषेत काहीच सांगता येत नाही. मग दोघांत हुशार कोण?

आजच्या विज्ञानानुसार मंगळावर ट्वील असणे शक्य नाही. १९६५ मध्ये मरिनर-४ यान मंगळाजवळून गेले आणि तिथली हवा अत्यंत विरळ असल्याचे कळले. वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. मात्र मंगळाचे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच असल्यामुळे ट्वीलच्या लांब उड्यांना विज्ञानाचा थोडा आधार आहे. मंगळावरील एका विवराला वाइनबॉम यांचे नाव दिले आहे.

आम्ही हा पाठ का निवडला? आपल्या इंदूरात मुले घरी मराठी, बाजारात हिंदी बोलतात आणि पुस्तकात इंग्रजी वाचतात. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. एखाद्या मुलाने ‘मी खूप चेष्टा केली’ असे सांगितले तर वर्ग हसतो, आणि त्याने खरोखर किती मेहनत घेतली हे कुणाला कळतच नाही. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले असल्याने ही अडचण आम्ही जवळून जाणतो. असे हसे झालेले मूल पुढच्या वेळी हात वर करत नाही. शाळेचे याहून मोठे नुकसान नाही.

म्हणून शिक्षक, पालक आणि विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे. मुलाचे उत्तर चुकीचे वाटले तर लाल रेघ ओढण्याआधी त्याला विचारावे, ‘हे तू कसे ठरवलेस?’ शब्द चुकलेला असेल, विचार चुकलेला असेलच असे नाही. जार्विसने चोच आणि पिसे पाहून वाट धरली असती, तर मंगळावरचा सर्वात चांगला सोबती त्याने गमावला असता. पुढे एका लढाईत ट्वीलला उडी मारून निसटणे सहज शक्य होते; तो जार्विसच्या शेजारी उभा राहिला.

विचार करा व लिहा :
१. एकही समान शब्द नसलेल्या पाहुण्याला ‘मी तुझा मित्र आहे’ हे तुम्ही कसे सांगाल?
२. हिंदी व मराठीत वेगळे अर्थ असलेले पाच शब्द शोधा.
३. प्राण्यांची निंदा करणारा एखादा वाक्प्रचार घेऊन तो विज्ञानाच्या कसोटीवर तपासा.

– प्राचार्य