गोठ्यातील उकाडा आणि धुक्याचा पंप



ऊस आणि दूध ही आपल्या प्रपंचाची दोन चाके. एप्रिल-मे आला की त्यातले दुधाचे चाक रुतते. हवा २५-२६ अंशांच्या वर गेली की होल्स्टीन संकरित गाय अस्वस्थ होऊ लागते. चाळीस अंशांत ती धापा टाकते, वैरण सोडते आणि दूध तोडते. मग सभासद विचारतात, "गोठ्यात धुक्याचा पंप बसवावा का?" पैसे घालण्याआधी हा थंडावा येतो कुठून ते आपण समजून घेऊ.

गुऱ्हाळ आठवा. रस आटवायला चुलवाणात किती चिपाड घालावे लागते! एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. चुलवाण नसेल तर पाणी ती उष्णता भोवतालच्या हवेतून ओढून घेते आणि हवा गार होते. माठ, वाळ्याचा पडदा, कारखान्यात कंडेन्सरचे पाणी निववणारा फवारा-तलाव, सगळ्यांचे मर्म हेच.

पंपाचे काम एवढेच, की पाण्याचे इतके बारीक कण करायचे की ते खाली पडण्याआधी हवेतच सुकावेत. ठिबकला चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब पुरतो, या पंपाला सुमारे ७० किलो लागतो. तेव्हा कण केसाहूनही बारीक होतो. तोटीचे भोक ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते आणि एक तोटी ताशी चार-पाच लिटर पाणी टाकते. वीस तोट्यांना अर्ध्या-पाऊण अश्वशक्तीची मोटर पुरते. दाब भारी असल्याने नळी आणि जोड त्याच दाबाचे हवेत. पीव्हीसीची नळी लावाल तर फुटेल. पंप चालू असताना जोड आवळू नये.

आता आमची चूक सांगतो. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही गोठ्याला चारी बाजूंनी पडदे लावले. तासाभरात आत दमट कोंदटपणा झाला, जमीन ओली झाली आणि गाई जास्तच धापू लागल्या. हवा पाण्याने भरली की पुढचे पाणी सुकत नाही, मग थंडावा कुठला? पडदे काढले, पंखे लावले, तेव्हा फरक पडला. ओल्या जमिनीने कासेची दगडी होण्याचे भय असते ते वेगळेच.

म्हणून आधी घरीच परीक्षा करा. दोन तापमापक शेजारी टांगा. एकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून वारा घाला. उन्हाळ्यात कोरडा ४० अंश दाखवील आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला सुमारे २२ दाखवील. जेवढा फरक, तेवढा थंडावा मिळण्यास वाव. पुरता कधीच मिळत नाही, पण काही अंशांचा उतार नक्की पडतो. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हा फरक जेमतेम दोन अंशांचा राहतो. तेव्हा पंप बंद आणि पंखा चालू, हेच शहाणपण.

पाण्याकडेही पाहा. बोअरचे जड पाणी तोटीत क्षार धरते आणि पंधरवड्यात फवारा पिचकारी होतो. बारीक गाळणी हवीच, पाणी जड असेल तर ते मऊ करून घ्यावे. हे धुके माणूस-जनावर श्वासात घेते, म्हणून पाणी पिण्याजोगे असावे. नळीत साचलेले शिळे पाणी सोडून द्यावे.

शेवटी क्रम ध्यानात ठेवा : पहिली सावली, दुसरे पोटभर पिण्याचे पाणी, तिसरा वारा आणि मग धुके. पहिल्या तिन्हींची सोय नसेल तर चौथ्यावर पैसा घालू नका. दुकानदार पंप दाखवील, पण हवा किती कोरडी आहे ते तुमचे ओले फडकेच सांगेल.