रात्रपाळी आणि लघवीची गोळी

बापू, तुझ्या बीपीच्या गोळीच्या नावापुढं ‘एच’ आहे ना, म्हणजे तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहे. ‘सीटी’ असतं तर क्लोरथॅलिडोन. दोन्ही लघवीच्या गोळ्या. मूत्रपिंड मीठ बाहेर टाकतं, मिठामागं पाणी जातं, दाब उतरतो. या जातीची पहिली गोळी 1958 साली बाजारात आली. स्वस्त आहे म्हणून हलकी समजू नकोस. 2002 साली अमेरिकेत 33 हजारांवर रुग्णांचा अभ्यास छापून आला, त्यात क्लोरथॅलिडोन नव्या, महाग औषधांपुढं उणं पडलं नाही.

गोळी सकाळी घ्यायची, कारण दोनेक तासांत लघवी लागते; संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठबस. पण तू जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलला. रात्रपाळीच्या आठवड्यात तुझी सकाळ ही झोपायची वेळ. तेव्हा झोपून उठल्यावर घ्यायची का, ते डॉक्टरांना विचार. भट्टीपाशी उभा असतोस हेही सांग. ते विचारत नाहीत, आपण बोलत नाही, आणि चिठ्ठी मात्र पंख्याखाली बसणाऱ्या माणसाची लिहिली जाते. वैशाखात आपल्याकडं पारा बेचाळिशीला टेकतो, वर भट्टीचा जाळ. घामातून मीठ-पाणी जातं, गोळीनंही जातं. उठताना अंधारी आली, पोटऱ्यांत गोळे आले, तर थकवा म्हणून सोडून देऊ नकोस. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनीन तपासून घे; तसंही गोळी सुरू झाल्यावर महिनाभरात ही तपासणी व्हायला हवी. जुलाब-उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळी थांबवायची की नाही, ते ठरवतील.

कंबर धरली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणतोस, ते बंद कर. त्यानं बीपी चढतो, आणि तुझ्या गोळीत टेल्मिसार्टनही आहे, तिघं मिळून किडनीला गोत्यात आणतात. पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला तर युरिक अ‍ॅसिड बघायचं, लघवीच्या गोळीनं ते वाढू शकतं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, ठेचा-लोणचं-पापड धरून. सैंधवही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनबरोबर ते विचारल्याशिवाय नको.

एस्टीनं संभाजीनगरला जायचं म्हणून लोक गोळी बुडवतात. तू पोचल्यावर घे. पहिल्या काही आठवड्यांनी लघवीचा जोर ओसरतो. गोळीचा गुण संपला असं समजून ती सोडू नकोस.