आपला अनुभव सांगावा कसा?



लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा समज एके काळी होता. त्या दिवसांत भाऊराव पाटलांनी किर्लोस्करांचे नांगर शेतकऱ्यांत खपवले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहासाठी पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा गेले. ज्याने आधी पदरचे घातले, त्याचा शब्द लोक मानतात.

आपणही शेजाऱ्याला पाचट कुजवायला सांगतो. तिथे नुसता उपदेश नको. आपल्या रानातले सांगावे: किती गुंठ्यांत केले, खर्च काय आला, टनेज किती पडले. फुशारकी नको, कुठे अडले तेही सांगावे. मग गप्प बसून त्याची अडचण ऐकावी. शेवटी त्याला आपल्या बांधावर न्यावे. आमचे म्हणणे एवढेच, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेतकरी पैसा घालत नाही, आणि ते बरोबरच आहे.