दाव्याची धास्ती आणि रुग्णाचे बिल

प्रश्न : डॉक्टरांवरच्या दाव्यांमुळे उपचार महागतात का?

उत्तर : काही अंशी, हो.

१९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. पुण्यात पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले आणि तो दगावला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना दोषी धरत ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. २०१३ मध्ये कोलकात्यातील एका प्रकरणात हाच आकडा जवळपास ६ कोटींवर गेला, व्याज वेगळे!

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. तेव्हापासून अशा दाव्यांसाठीच्या विम्याचा हप्ता डॉक्टरांच्या खर्चात धरलेला असतो. साध्या डोकेदुखीलाही ‘कशाला जोखीम?’ म्हणत सीटी स्कॅन लिहिला जातो, भुर्दंड रुग्णाला. काही डॉक्टर गुंतागुंतीची केस सरळ मोठ्या रुग्णालयाकडे पाठवतात.

मात्र प्रत्येक अपयश म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. फौजदारी कारवाईपूर्वी तज्ज्ञ डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे, असे न्यायालयाने २००५ मध्ये बजावले आहे.

हलगर्जीपणाची शंका असल्यास आधी लेखी अर्ज करून केसपेपर मागा. ७२ तासांत ते देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.