सनद समुद्रापार चालत नाही

बाय, परदेशात जाऊन वकिली करायची असं तू पक्कं केलंस, तर आता मावशीचे चार शब्द ऐक. तुझी सनद महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची. एआयबीई ही बारची परीक्षा पास झालेली आहेस, त्यामुळे देशातल्या कुठल्याही कोर्टात तुला उभं राहता येतं. समुद्रापार तिच्या जोरावर उभं राहता येत नाही. तरी तिथल्या बऱ्याच संस्था आधी तीच मागतात, आणि तिच्यासोबत बार कौन्सिलचं ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र. तुझ्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, सनद चालू आहे, एवढंच त्यात असतं. पण ते ताजं लागतं. म्हणून अर्ज कधी करायचा ते ठरव आणि मगच ते काढ.

देश निवडताना कोणाची आत्या कुठे राहते हे शेवटी बघ. तुझ्या पदवीला कुठला रस्ता मोकळा आहे, ते आधी. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर व्हायला सप्टेंबर 2021 पासून एसक्यूई ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी 180 पर्यायी प्रश्न. तो आपल्या देशातल्या केंद्रावर बसून देता येतो. दुसऱ्या टप्प्यात मसुदे, अशिलाशी बोलणं, युक्तिवाद असं प्रत्यक्ष काम तपासतात, आणि त्यातल्या तोंडी भागासाठी तिकडे जावंच लागतं. तिथल्या मुलांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. बाहेरच्या देशात आधीच वकील असलेल्याला ती अट नाही. म्हणजे पहिला टप्पा नवापूरच्या घरात राहून, आईच्या हातचं जेवून दे. निकाल लागल्यावर विमानाचं तिकीट बघ.

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यूयॉर्कमध्ये, मूळ इंग्रजी परंपरेतला कायदा शिकलेल्यांना, अभ्यासक्रम पुरेशा वर्षांचा असेल तर, थेट परीक्षेला बसू देतात. ज्याचं यात कमी पडतं त्याला तिकडचं एलएलएम करून ते भरून काढावं लागतं. पुष्कळ मुलं आधी एलएलएमसाठी घर गहाण टाकतात आणि मग चौकशी करतात. तू उलट कर. तिथल्या परीक्षा मंडळाकडून तुझ्या पदवीची पात्रता आधी तपासून घे. त्याला काही महिने लागतात, लागू देत. कर्ज काढायचं की नाही ते त्या उत्तरावर ठरव. कॅनडात एनसीए ही संस्था तुझी गुणपत्रकं बघून कुठल्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते सांगते; तिथलं संविधान, फौजदारी, प्रशासकीय कायदा आणि वकिलांची आचारसंहिता हे बहुधा सगळ्यांनाच येतं. दुबईतल्या स्थानिक न्यायालयांचं काम अरबीत चालतं, तिथे तू उभी राहणार नाहीस, सल्लागार म्हणून काम करशील.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. अर्जात ‘दिवाणी व फौजदारी, सर्व प्रकारची प्रॅक्टिस’ असं लिहू नकोस. पालघरमध्ये त्या ओळीला मान आहे, कारण तिथे दार ठोठावणारा माणूस काहीही घेऊन येतो. लंडनच्या फर्मला त्यावरून काहीच कळत नाही. तू कुठली आहेस ते आठव. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याची वाहिनी आपल्या नवापूरच्या समुद्रात येऊन संपते. त्या पाण्याने मासेमारीचं काय केलं हे तुला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तो प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला, तेव्हा हा किनारा कायद्याच्या नकाशावर आला. आता शेजारी वाढवण बंदर उभं राहतंय; त्यासोबत भूसंपादन, किनारा नियमन, जहाजांचे दावे हे सगळं येणार. नौवहनाच्या कायद्याचं मोठं काम लंडनमध्ये चालतं. प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं, कारखान्यांचे करार, मच्छीमारांची भरपाई यांतलं जे तू खरोखर केलंस, तेच पुढे कर. या किनाऱ्याच्या मुलीने हे विषय दुसऱ्या कोणासाठी सोडून देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

त्या कामाचा पुरावा आजपासून जमवायला लाग. प्रकरणाचा सीएनआर क्रमांक, कोर्ट, तू कोणातर्फे होतीस, मसुदा कोणी केला, उलटतपासणी कोणी घेतली, एवढं एका वहीत लिही. आपल्या खालच्या कोर्टांतले निकाल आणि रोजनामे बरेचदा मराठीत असतात. दोनचार चांगल्या निकालांच्या प्रमाणित नकला काढून अधिकृत भाषांतर करून घे. अशिलाची फाइल मात्र सोबत नेऊ नकोस, त्यातला कागद कोणाला दाखवूही नकोस. कोर्टाच्या सार्वजनिक नोंदीत आहे तेवढंच तुझं.

नावाकडे नीट बघ. दहावीच्या आणि मुंबई विद्यापीठाच्या कागदांवर आडनाव आधी येतं, आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम दुसरा. लग्नानंतर नाव बदललंस तर राजपत्राची प्रत ठेव. गुणपत्रकांच्या ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागेल, आणि परदेशातल्या संस्थांना ती बहुतेक वेळा विद्यापीठाकडून थेट हवी असते, तुझ्या हातून नाही. अपोस्टिल लागतं का, की त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का, हे देशागणिक बदलतं.

आणखी एक. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आपल्या किनाऱ्यावर कोणाकोणावर दाखल झालाय. तुझं नाव कधी आलं असेल, प्रकरण मागे घेतलेलं असेल, तरी चारित्र्याच्या फॉर्ममध्ये लिही आणि आदेशाची नक्कल जोड. गुन्ह्यामुळे अडतं त्यापेक्षा लपवल्यामुळे जास्त अडतं.

पैसा मधेच संपू शकतो. बाबासाहेब 1916 साली लंडनला ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत दाखल झाले आणि 1917 मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर त्यांना परतावं लागलं. पण निघण्याआधी चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरं करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, 1920 मध्ये पुन्हा गेले आणि 1922 मध्ये बॅरिस्टर झाले. तुझ्यावरही अर्धवट सोडायची पाळी आली, तर न बोलता निघून येऊ नकोस. मुदत किती, फी चालेल का, दिलेल्या पेपरचा निकाल किती वर्षं धरतात, हे लेखी घे.

तिकडे पगारी नोकरी धरलीस की इथली सनद स्थगित ठेवायचा अर्ज बार कौन्सिलकडे कर. पूर्णवेळ नोकरदाराला आपल्या नियमांत वकिली करता येत नाही. चालू प्रकरणांत वकालतनामा दुसऱ्या वकिलाकडे सोपव आणि प्रत्येक अशिलाला तू स्वतः सांग, त्यांना ते तारखेला कोर्टात गेल्यावर कळू नये.

घरचंही आवर. अनिवासी झाल्यावर तुझ्या नावची शेतजमीन तुझीच राहते, पण नवी विकत घेता येत नाही. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लावायचं राहिलंय ते तलाठ्याकडे जाऊन आत्ताच लावून घे. आईला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल तर इथे असतानाच नोंदणी करून दे. तिकडून पाठवलंस तर आधी तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन करावं लागेल, आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत आईला मुद्रांकासाठी धावावं लागेल.